मामींची मोहरी आणि उस्ताद खमीसची काडतुसं

सूर, ओमान
शनिवार, १२ सप्टेंबर १९९८

तीर्थरूप आबामामा यांस,

सूरहून भाचा शिरीष याचा नमस्कार. साष्टांग आहे असं समजावं. प्रत्यक्ष घालायला गेलो तर साइटवरच्या चार मजुरांना बोलावून मला उभं करावं लागेल. तुमचा खोकला कसा आहे? मामींचा गुडघा कसा आहे? (त्यांना पाठवलेलं मलम गुडघ्याला लावायचं असतं. मागच्या पत्रात 'चव बरी नाही' असं वाचल्यापासून श्यामला चिंतेत आहे.) वानरं कशी आहेत? त्यांची चौकशी मनापासून करतोय. मे महिन्यात आलो होतो तेव्हा तुम्ही डबल बारची बंदूक घेऊन हवेत बार काढलात आणि वानरं पळण्याऐवजी आंब्यावर येऊन बसली, ते अजून डोळ्यांसमोर आहे. वीस वर्षं रोज सकाळी तुम्ही हवेत बार काढता, त्यामुळे त्यांना ती शाळेची घंटा वाटत असावी.

तुमचं जूनमधलं पत्र पोचलं. उत्तराला तीन महिने लागले याबद्दल रागावू नका, कारण ते तीन महिने तुमच्याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेले. तुम्ही लिहिलं होतं, 'काडतुसाचा भाव ऐकून चक्कर आली. तिकडचे अरब काडतुसं घरीच भरतात असं ऐकतो. हा खटाटोप करण्याजोगा आहे का, ते नीट चौकशी करून कळव.' मामा, दुसऱ्या कुठल्या भाच्याने दुकानात जाऊन भाव विचारला असता आणि एका ओळीत कळवलं असतं. पण तुम्ही 'नीट' हा शब्द लिहिलात. त्या एका शब्दापायी मी पोलिसासमोर तोंडाने गोळीबाराचे आवाज काढले, गणपतीत तीस पाहुणे टाकून चार तास गाडी हाकली आणि एका मुख्याध्यापकासमोर डबा घेऊन गुन्हेगारासारखा उभा राहिलो. आता सविस्तर सांगतो. मामींना वाचून दाखवताना एवढी काळजी घ्या, की यात पुढे 'दारू' हा शब्द बऱ्याचदा येईल. ती बंदुकीची आहे. त्यांना आधीच सांगून टाका, म्हणजे त्या मधेच देवापुढे दिवा लावायला उठणार नाहीत.

तुम्हाला माहीतच आहे, की श्यामला मस्कतला असते, तिथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते, आणि मी इथे सूरला धक्क्याच्या बांधकामावर असतो. गुरुवारी दुपारी गाडीने चार तासांवर मस्कत, शुक्रवारी संध्याकाळी परत, असा संसार चालला आहे. सूरला ज्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहतो ते खमीस बिन जुमा. (अरबीत खमीस म्हणजे गुरुवार आणि जुमा म्हणजे शुक्रवार. म्हणजे गुरुवार वल्द शुक्रवार. इथली साप्ताहिक सुट्टी नेमकी हीच असल्यामुळे त्यांचं नाव घेतलं तरी मला आराम वाटतो.) वय चौऱ्याहत्तर. सगळं गाव त्यांना उस्ताद म्हणतं, कारण त्यांनी आयुष्यभर लाकडी गलबतं बांधली. कागदावर एक रेघ न काढता, नुसत्या दोरीने आणि डोळ्याने मापं घेऊन अडतीस गलबतं पाण्यात सोडली. साग आपल्याकडचा. त्यासाठी तरुणपणी ते मलबारला आणि मुंबईला येत, त्यामुळे हिंदी बोलतात, पण ती पन्नास सालची. मला पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "मुंबई में अभी घोड़ागाड़ी का क्या भाव है?" मी इंजिनिअर म्हणून मला 'मुहन्दिस' म्हणतात, आणि ते म्हणताना जरा हसतात. धक्क्याचे आमचे सत्तर नकाशे त्यांनी पाहिले आहेत.

त्यांची आता गलबतं नाहीत, पण घरामागे शेड आहे. तिथे सागाचा भुसा, गलबतांना चोपडायच्या मुशी माशाच्या तेलाचा वास, आणि भिंतीशी लांब बाक. त्या बाकावर बसून उस्ताद काडतुसं भरतात. गावाबाहेर त्यांची खजुराची बाग आहे, तिथे कावळे आणि कोल्हे येतात, त्यासाठी बंदूक. परवाना आहे, कागद आहेत, सगळं रीतसर. तुमचं पत्र खिशात घालून मी एका संध्याकाळी शेडमध्ये उतरलो आणि विचारलं, "उस्ताद, हे घरी भरणं परवडतं का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाकावर थाप मारून म्हणाले, "बैठो." मी बसलो. तो जून महिना होता. उठलो तो ऑगस्टअखेर.

कृती म्हणाल तर सांगण्यासारखी फार नाही. रिकामं काडतूस घ्यायचं, बुडाची जुनी, ठिणगी पाडणारी टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, मग दारू, मग बुच्चा, मग शिशाचे छर्रे, वर पुन्हा बुच्चा, आणि तोंड वळवून बंद. तुमच्या ठासणीच्या बंदुकीच्या काळापासून तुम्हाला हे माहीतच आहे. लिहायला दोन ओळी लागल्या, करायला पाऊण तास लागतो, कारण प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये कहवा असतो, खजूर असतो, आणि एकेका गलबताची जन्मकथा असते. मी परका माणूस, तेव्हा दारूला आणि टोप्यांना हात लावायचा नाही, असा श्यामलाचा आणि ओमानच्या कायद्याचा (याच क्रमाने) हुकूम. माझ्याकडे फक्त बुच्चे कापायचं काम. जुन्या नमद्याचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, गोल तुकडे. सहा आठवड्यांत मी त्यात इतका तयार झालो, की साइटवर सिमेंटच्या चाचणीचे कागदसुद्धा गोल कापायला लागलो. उस्ताद सगळं बोटांनी करायचे. मापटं भरताना, टोपी बसवताना खाली बघायचेसुद्धा नाहीत, समोर समुद्राकडे बघत राहायचे. केवढं हे कसब, असं मला वाटायचं.

त्यांचा थोरला मुलगा नासिर. इथल्या शाळेत मुख्याध्यापक. सज्जन, नीटनेटका, पांढऱ्या शुभ्र डिशडाशाला (इथला पायघोळ झगा) एक सुरकुती नाही, आणि वडिलांवर जिवापाड माया. पण मुख्याध्यापक तो मुख्याध्यापकच. त्याचं म्हणणं, तयार काडतुसं दुकानात मिळतात, ती आणा, या वयात दारूशी खेळ नको. उस्तादांचं म्हणणं, दुकानातल्या काडतुसाला काय ठाऊक आपल्याला कुठे जायचंय. रोज संध्याकाळी शेडच्या दारात हा वाद व्हायचा. अरबीत व्हायचा, पण मला सगळं कळायचं, कारण आपल्याकडे तुमचा आणि आजोबांचा गोबर गॅसवरून असाच व्हायचा. शेवटी नासिरने परीक्षा ठरवली. (दुसरं काय ठरवणार?) बागेच्या भिंतीवर दहा रिकामे डबे, घरी भरलेली दहा काडतुसं. चार डबे पडले तर वडील पास, आणि शेडबद्दल कुणी अवाक्षर काढणार नाही. नाही पडले तर बंदूक नासिरच्या कपाटात आणि शेडला कुलूप. तारीख अठ्ठावीस ऑगस्ट, शुक्रवार, दुपारच्या नमाजनंतर. उस्ताद मला म्हणाले, "चालीस टक्का! मेरे को चालीस टक्का बोलता है! मैं इसको कंधे पे बिठा के समंदर दिखाया." आणि मग दोन दिवस एकाही गलबताची गोष्ट सांगितली नाही. मामा, कपाटातली बंदूक मी सहन केली असती. पण त्या बाकाशिवाय तो माणूस दिवसभर काय करेल, ते माझ्या डोळ्यांसमोर येईना.

आता मोहरी. मे महिन्यात मामींनी निवडून, उन्हं दाखवून जी काळी बारीक मोहरी दिली, ती श्यामलाने दुधाच्या पावडरीच्या पिवळ्या डब्यात भरली. या देशात प्रत्येक घरात तो पिवळा डबा असतो. त्यात दूध सोडून सगळं ठेवतात. 'तिथे रोज बाहेर खाऊ नकोस, वरण तरी फोडणीला घाल' असं बजावून तिने तो डबा माझ्या सामानात घातला. परीक्षेच्या आदल्या शुक्रवारी मी मस्कतहून परत आलो आणि सामानाचा खोका तसाच घेऊन आधी शेडमध्ये शिरलो. उस्तादांना श्यामलाची चकली फार प्रिय. मी काही बोलायच्या आत त्यांनी खोक्यातला एकेक जिन्नस बाकावर मांडायला सुरुवात केली. चकली तळाशी होती, त्यामुळे सगळंच बाहेर आलं. तेवढ्यात अजान झाली, ते उठले, मी घाईघाईने सामान खोक्यात कोंबलं आणि वर गेलो. डबा जरा जड लागला हे खरं. पण चाळिशी उलटल्यावर जिना चढताना माणसाला हातातली वर्तमानपत्राची घडीसुद्धा जड लागते. फळीवर ठेवला आणि नेहमीप्रमाणे आठवडाभर केरळी हॉटेलात जेवलो.

बुधवारी श्यामलाचा फोन. शुक्रवारी गणपतीला तीस माणसं जेवायला आहेत. "तू तिथे एक फोडणी केलेली नाहीस हे मला माहीत आहे. मामींची मोहरी परत घेऊन ये." मी म्हटलं, मस्कतमध्ये मोहरी मिळत नाही का? ती म्हणाली, मिळते, पण मामींनी निवडलेली मिळत नाही. गुरुवारी दुपारी डबा शेजारच्या सीटवर ठेवून निघालो. बिदबिदच्या अलीकडे पोलीस गाड्या थांबवून परवाने बघत होते. अगदी कोवळा, हसतमुख पोलीस. परवाना बघितला, गणपतीसाठीची फुलं बघितली, मग डब्याकडे बोट करून विचारलं, हे काय? मी झाकण उघडून दाखवलं. आत काळे, चकचकीत, बारीक दाणे. मोहरीला अरबीत काय म्हणतात ते मला येईना. म्हणून मी डाव्या हाताची कढई केली, उजव्या हाताने त्यात दाणे टाकल्यासारखं केलं आणि तोंडाने मोठ्याने, "तड! तड! तडतडतड!" असं करून दोन्ही हात हवेत उडवले. तो खळखळून हसला, "गुड, गुड," म्हणाला आणि मला जाऊ दिलं. माझ्या चेहऱ्यावर त्या वेळी जी निरागसता होती ती अस्सल होती, मामा. दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा मी खुर्ची शोधून बसलो.

घरी श्यामलाने डबा हातात घेतला आणि म्हणाली, "किती जड झालीय ही मोहरी!" मी म्हटलं, "सूरची हवा दमट, ओल धरली असेल." (मी स्थापत्य अभियंता आहे आणि हे वाक्य मी रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला ऐकवलं, याची कृपया घरात वाच्यता करू नये.) शुक्रवारी सकाळी साडेदहाला वरणाचं मोठं पातेलं तयार, कढल्यात तेल तापलेलं, तिने चमचाभर मोहरी टाकली आणि झाकण घेऊन उभी राहिली. काही झालं नाही. आच वाढवली. तरी काही नाही. तेलातून धूर निघायला लागला, मोहरी तळाशी शांत. शेजारच्या फरिदाभाभी, मूळच्या रत्नागिरीच्या, मोदकांना मदत करायला आल्या होत्या. त्यांनी डोकावून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "श्यामला, ही मोहरी मेलेली हाय."

"शिरीष," श्यामलाने हाक मारली, "ही तडतडत का नाही?"

मी म्हटलं, वेळ लागत असेल. तिने गॅस बंद केला, पळीने एक दाणा बाहेर काढला, पाण्यात गार केला आणि किराण्याच्या यादीच्या पाठीवर घासला. कागदावर करडी रेघ उठली. पेन्सिलीसारखी. तिने ती रेघ उजेडात धरून बघितली आणि वर्गात उत्तरपत्रिका परत देताना असेल अशा आवाजात म्हणाली, "हे शिसं आहे."

तिने तो दाणा बशीत ठेवला. मग तिनेच विचारलं, "आणि बंदुकीत काय आहे?"

"मामींची मोहरी," मी म्हटलं. उस्तादांच्या छर्ऱ्यांचा डबाही तसाच पिवळा होता आणि त्याच बाकावर होता.

तेल, कढलं, पळी, सगळं तिने त्याच क्षणी केराच्या पिशवीत बांधलं, हात तीनदा धुतले, मला धुवायला लावले. पाहुण्यांच्या ताटापर्यंत त्यातला कण गेला नाही, तेव्हा मामींनी काळजी करू नये. फरिदाभाभींच्या घरून वाटीभर मोहरी आली आणि वरणाची अब्रू वाचली. मी मात्र फोनला चिकटलो. सूरला नासिरच्या बायकोने उचलला. तिचं इंग्रजी आणि माझं अरबी साधारण सारख्या वजनाचं. एवढंच कळलं, की पुरुष मंडळी सकाळीच बागेत गेली आहेत, नमाज तिथल्याच मशिदीत, आणि बागेत फोन नाही. मी रिसीव्हर ठेवून गणपतीकडे बघत उभा राहिलो. श्यामला आतून आली, माझ्या हातात छर्ऱ्यांचा डबा दिला, त्यावर एकवीस मोदकांचा डबा ठेवला आणि म्हणाली, "जा. मी आरती सांभाळते. आणि मोदकाचा डबा उजव्या हातात धर. आता अदलाबदल नको." लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण त्या दिवशी ती मला फार आवडली.

पावणेअकराला निघालो. नमाजनंतर आधी जेवणं होतात, त्यामुळे वेळेत पोचलो असतो, पण इब्राच्या पुढे एक उंटीण आपल्या पिल्लासह रस्त्याच्या मधोमध उभी होती. हॉर्न वाजवला की ती माझ्याकडे दया आल्यासारखी बघायची. तिथे वीस मिनिटं गेली. बागेत पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते, आणि लांबूनच कळलं की सगळं आटोपलंय. सात-आठ मंडळी सतरंजीवर कहवा पीत बसली होती. भिंतीवर दहाच्या दहा डबे उभे. नासिरच्या मांडीवर कापडात गुंडाळलेली बंदूक. उस्ताद एका खजुराला टेकून, हात गुडघ्यांवर ठेवून. आणि मामा, खरं सांगतो, सगळ्या बागेत फोडणीचा वास दरवळत होता. विहिरीच्या कठड्याशी बुलबुल उतरून काहीतरी टिपत होते.

मी डबा घेऊन नासिरसमोर उभा राहिलो. कॉपी करताना सापडलेली मुलं त्याच्या खोलीत कशी उभी राहत असतील ते मला समजलं. डबा उघडला, मूठभर छर्रे त्याच्या तळहातावर ओतले आणि जे घडलं ते कढल्यापासून पोलिसापर्यंत सगळं सांगितलं. पोलिसाच्या जागी पुन्हा अभिनय करावा लागला. नासिरने छर्रे तळहातावर हलवून बघितले. मग त्याने खाली वाकून जमिनीवरचा एक करपलेला दाणा उचलला, हुंगला, आणि एवढा मोठा मुख्याध्यापक डिशडाशाला माती लागेल याची पर्वा न करता सतरंजीवर आडवा होऊन हसायला लागला. मंडळींना अरबीत समजावून सांगितलं तेव्हा सगळेच. त्याने हसत हसत निकाल दिला. प्रश्नपत्रिकाच चुकीची निघाली, म्हणून परीक्षा रद्द. फेरपरीक्षा ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी. पासिंग तेच. आणि बंदूक उठून वडिलांच्या हातात दिली. उस्ताद हसले नाहीत. "इन्शाल्ला," एवढंच म्हणाले.

मंडळी पुढच्या नमाजला उठली, आणि नमाज झाल्यावर उस्ताद मागे रेंगाळले आणि मला हाताने खुणावलं. आम्ही दोघं विहिरीच्या कठड्यावर बसलो. मी मोदक पुढे केले. त्यांनी एक खाल्ला, दुसरा घेतला, आणि म्हणाले, "मुहन्दिस, मैं पहिले बार में समझ गया था. खुशबू से."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत? तेव्हाच थांबवता आलं असतं."

"थांबवून काय?" (हे हिंदीत होतं, मी मराठीत लिहितोय.) "माझ्या हातात बंदूक होती, समोर नासिर म्हणत होता डबे आहेत. मला डबे दिसले नाहीत. भिंतसुद्धा दिसली नाही. नुसता पांढरा उजेड दिसला, धुक्यात समुद्र दिसतो तसा. दीड वर्ष झालं. शिसं असतं तरी एकही पडला नसता. तुझ्या मोहरीने माझी लाज राखली."

शेडमधल्या त्या सगळ्या संध्याकाळी मला आठवल्या. समुद्राकडे लागलेली ती नजर. मापट्याकडे न बघता फिरणारी ती बोटं. तीन महिने मी एका आंधळ्या माणसाशेजारी बसून त्याच्या कसबाचं कौतुक करत होतो. मी विचारलं, नासिरला सांगू? त्यांनी माझं मनगट इतक्या जोराने धरलं, की अडतीस गलबतं कशी उभी राहिली ते समजलं. "मुलांना कळलं की बापाला दिसत नाही, तर खलास. मग मला हात धरून संडासला नेतील." तिसरा मोदक खाऊन म्हणाले, "मीठा अच्छा है. इसमें गोली तो नहीं?"

तर मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हिशेबाने बघितलं तर दहा काडतुसांमागे जे वाचलं त्याच्या कितीतरी पट माझ्या गाडीच्या पेट्रोलला गेलं, एक कढलं गेलं, आणि मामींची अर्धा किलो मोहरी ओमानच्या आकाशात गेली. वेळ म्हणाल तर एवढ्या वेळात माणूस अख्खी बाग कुंपण घालून मोकळा होईल. तेव्हा परवडत नाही. दुकानातून तयार आणा, किंवा सरळ वानरांना घंटा आणून द्या. पण तुम्ही विचारलं होतं 'खटाटोप करण्याजोगा आहे का', आणि त्याबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही. गेले दोन शुक्रवार श्यामला माझ्याबरोबर सूरला येतेय. तिने सगळ्या डब्यांवर अरबी, इंग्रजी आणि मराठीत चिठ्ठ्या लावल्या आहेत, आणि बुच्चे माझ्यापेक्षा गोल कापते असं उस्तादांचं मत आहे. यापलीकडे मला काही सांगता येत नाही.

मामींना नमस्कार. खोकल्याला जपा, आणि हवेत बार काढताना कानात कापूस घाला.

तुमचा,
शिरीष

ता. क. मामींना मोहरी आणखी थोडी मागायची होती, पण धीर होत नाही.

ता. क. मैथिलीला एक विचारायचं होतं. तुमची लेक रत्नागिरीत डोळ्यांची डॉक्टर आहे, मोतीबिंदू रोज काढते, आणि आतेभावासाठी अडलेलं काम करते, हे मी कुणाकुणाजवळ अभिमानाने बोललो असेन. उस्तादांजवळही बोललो. मस्कतमध्ये डॉक्टर आहेत, चांगले आहेत, पण तिथे गेलं की संध्याकाळपर्यंत सूरभर होतं. ऑक्टोबरअखेर त्यांना भिंत आणि डबे दोन्ही दिसायला हवेत. तर त्यांना तुमच्याकडे तीनेक आठवडे ठेवून घ्याल का? माणूस अगदी साधा आहे. मासे खातात, भात खातात, चकली मिळाली तर बाकी काही मागत नाहीत. नमाजसाठी पश्चिमेकडची एक स्वच्छ जागा द्यावी. उजवा डोळा आधी करावा, नेम त्याच डोळ्याने धरतात.

ता. क. वरचं 'ठेवून घ्याल का' हे खरं म्हणजे विचारायला उशीर झालाय. तिकीट काढलं आहे. सोमवारी एकवीस तारखेला विमानाने मुंबई, मंगळवारी नव्या कोकण रेल्वेने रत्नागिरी. पत्र आधी पोचलं तर तुम्ही स्टेशनवर जा. उशिरा पोचलं तर एव्हाना ते तुमच्या ओटीवर बसलेले असतील आणि हे कोण, असं तुम्हाला वाटत असेल. ते हे आहेत.

ता. क. मुलांना काय कारण सांगायचं, हा प्रश्न होता. घाईत दुसरं काही सुचलं नाही, म्हणून माझ्या मामेबहिणीचं, म्हणजे मैथिलीचं, लग्न आहे आणि त्याला उस्तादांना आग्रहाचं निमंत्रण आहे असं मी सांगून बसलो. तारीख दोन ऑक्टोबर, शुक्रवार. त्या दिवसांत मुहूर्त नसतात हे माहीत आहे, पण नासिर पंचांग बघत नाही. नवऱ्या मुलाचं नाव विचारलं तेव्हा सलील म्हणून सांगितलं, आणि उस्तादांना सागाची आवड म्हणून त्याला वनखात्यात नोकरीला लावलं. फोन आलाच तर एवढं लक्षात ठेवा.

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात नासिर साइटवर आला. नवरीसाठी चांदीची लोबानदाणी, कापडात बांधून. ती माझ्या टेबलावर ठेवली, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "शिरीष, भिंत पंधरा पावलांवर होती. मोहरी असो नाहीतर शिसं, बंदूक भिंतीकडे तरी वळायला हवी होती. बाबांनी दहाही बार विहिरीच्या दिशेला काढले." म्हणजे सतरंजीवर लोळून हसत होता तेव्हाही त्याला सगळं माहीत होतं. फेरपरीक्षेची तारीख त्याने दोन महिने लांबची का दिली, ते मला आत्ता कळतंय. मैथिली डोळ्यांची डॉक्टर आहे हेही मीच त्याला कधीतरी ऐकवलं होतं. तो म्हणाला, ऑपरेशननंतर डोळ्याला पट्टी असते, अनोळखी घरात पायरी चुकते, कुणीतरी आपलं माणूस लागतं. म्हणून बायको आणि तीन मुलांसह तोही येतोय. लग्नालाच येतोय. आपल्याला हे माहीत आहे ते वडिलांना कळता कामा नये, असं त्याने माझ्याकडून वचन घेतलंय.

तेव्हा मामा, दोन तारखेला दारात मांडव लागेल. मैथिलीला तुम्हीच सांगा, मला धीर नाही. नवरा मुलगा मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर ऐनवेळी जंगलात वणवा लागला आणि त्याला जावं लागलं असं सांगू. पण जेवण मात्र पक्कं घाला, माणसं लांबून येताहेत.